गावात दोन तट पडले की मंडळीने काय करावं

नंदुरबार-धुळ्याच्या नवापूर, साक्री, अक्कलकुवा, धडगाव या आदिवासी पट्ट्यात अशी कितीतरी गावं आहेत जिथे काही घरं ख्रिस्ती होऊन रविवारी उपासनेला जातात आणि काही गावदेवाला मानतात. कूळ एक, आडनाव एक, शेतं एकाच बांधाला लागून, आणि तरी एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. अशा गावातल्या पाळकांसाठी म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंसाठी, मंडळीच्या म्हणजे गावातल्या चर्चच्या पंचांसाठी आणि महिला मंडळातल्या बायांसाठी हे लिहिते आहे. मी मंडळीतली, मावची या आदिवासी जमातीतल्या घरातली. नोकरी उपकेंद्रावर नर्स म्हणून झाली. दोन्हीकडच्या घरांत बाळंतपणं केली, दोन्हीकडच्या लेकरांना लसी टोचल्या, त्यामुळे रात्री-अपरात्रीही कुठल्याच घराचं दार मला बंद नव्हतं. निवृत्तीनंतर लोक भांडणं सोडवायला बोलावू लागले. त्यातून जे उपयोगी पडलं ते सांगते.

गावात तट पडलेला असतो तेव्हा मंडळी मधे उभी नसते, ती एका तटात असते. हे आधी मान्य करा. "आमचं कोणाशी वैर नाही, आम्ही सगळ्यांसाठी प्रार्थना करतो," असं आपण मनापासून म्हणतो. पलीकडच्या माणसाला मात्र दिसतं ते असं: याने वर्गणी बंद केली, होळीला यायचं सोडलं, याच्या पोरांनी आजोबाच्या देवाला नावं ठेवली. म्हणून समेटाला निघालेल्या पाळकाने न्याय देणाऱ्याच्या जागी बसू नये. तो एका पक्षाचा माणूस म्हणून जातो, आणि आधी ऐकायला जातो.

याहून मोठी गोष्ट, जिच्यावरून माझा अनेक पाळकांशी वाद झाला आहे: ज्या दिवशी समेटाला जाल त्या दिवशी प्रचार करायचा नाही. पत्रकं न्यायची नाहीत, येशूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची नाही, घरात आजारी माणूस दिसला तरी न विचारता डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. पाळक म्हणतात, सुवार्ता सांगणं ही आज्ञा आहे, ती घरी ठेवून कसा जाऊ? मी म्हणते, समेट हीसुद्धा आज्ञाच आहे. बायबलात प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना तिला समेटाची सेवा म्हणतो. ती पुरती सेवा आहे, तिच्यामागे दुसरा हेतू ठेवायची गरज नाही. आणि हेतू ठेवलात तर लोकांना तो कळतो. सरकारी माणूस, सावकार, पुढारी असे मनात हेतू ठेवून येणारे डोंगरातली माणसं पिढ्यान् पिढ्या ओळखत आली आहेत. गावच्या कारभाऱ्याला, म्हणजे प्रमुखाला, पहिल्याच भेटीत सांगा, "काका, मी धर्म सांगायला आलो नाही, स्मशानाचं बोलायला आलोय." मग त्या अंगणात कितीही वेळा जावं लागलं तरी तसंच वागा.

भांडण नेमकं कशाचं आहे

"धर्मावरून फाटलंय" असं सगळे सांगतील. त्यावर थांबू नका. घरोघरी बसा आणि प्रत्येकाला निवांत विचारा: हे कधीपासून सुरू झालं? त्याआधी तुमचं एकमेकांकडे जाणं-येणं कसं होतं? काय झालं तर ते पुन्हा सुरू होईल? माणसं वेगवेगळी बसवून विचारा, आणि बायांना पुरुषांसमोर विचारू नका. हातपंपावर, शेतात निंदणी चालू असताना, बाळंतिणीच्या खाटेजवळ बाया जे सांगतात ते चावडीत कधीच निघत नाही.

बहुतेक ठिकाणी खाली दुसरंच काही असतं. बांध कोरला गेलेला असतो. वनहक्काचा दावा एका भावाच्या नावावर मंजूर झालेला असतो आणि दुसऱ्याचा अडकलेला. ठरलेलं लग्न मोडलेलं असतं. धर्म वेगळा झाला त्या वर्षीच हे घडलं, म्हणून सगळं धर्माच्या खात्यात जमा झालं. 6 जानेवारी 2013 ला धुळ्यात माच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसं गेली. बिलावरून कोणी शहर पेटवत नाही. 2008 च्या दंगलीचं दुखणं तिथे तसंच राहिलं होतं. गळू आत पिकलेलं असताना वरून टाके घातले तर काय होतं ते मी नोकरीत पाहिलं आहे, म्हणून घाईघाईने हात मिळवायला लावणाऱ्या बैठकांची मला भीती वाटते.

तरी काही भांडणं खरोखरच धर्म बदलल्यामुळे उभी राहतात आणि ती गावोगाव सारखीच असतात. गावदेवाची वर्गणी द्यायची की नाही. मेलेल्या माणसाला कुठे आणि कोणत्या रीतीने न्यायचं. लग्नात मोहाची दारू आली की मंडळीतले पाहुणे उठून जातात, ते यजमानाला अपमानासारखं लागतं. उपासनेचा भोंगा. आणि अलीकडे जातीचा दाखला. "ख्रिस्ती झालात, आता दाखला जाणार," असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने रात्रभर जागायचं. याबाबत कायदा काय आहे ते पंचांनी नीट समजून घ्यावं. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात. आदिवासींनाही तशी अट लावावी अशी मागणी काही संघटना करतात, तिच्या सभा होतात, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे. हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एखाद्या वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. निम्मी भीती तिथेच उतरते.

आधी आपल्या घरात

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. यात चूक कोणाची हे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात काही आहे, एवढं पुरेसं आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मंडळीत हा भाग वाचा आणि विचारा, गावात कोणाच्या मनात आपल्याविषयी काय आहे? नावं घेऊन विचारा. लोक आधी गप्प बसतील. थांबा. मग एखादी म्हातारी बोलू लागेल.

त्यातून जे निघेल त्यातलं आपल्या हातातलं ताबडतोब दुरुस्त करा, समोरच्याने काही करण्याची वाट न बघता. भोंगा रात्री दहाला बंद, कायद्यानेही तसंच आहे. त्याचं तोंड वस्तीकडे नको. व्यासपीठावरून गावदेवाला, वाघदेवाला, देवमोगरा मातेला सैतान म्हणणं बंद. आपला विश्वास आपण ठामपणे सांगू शकतो, त्यासाठी शेजाऱ्याच्या आईला शिवी द्यावी लागत नाही. बाहेरून बोलावलेले प्रचारक हे हमखास करतात आणि दुसऱ्या दिवशी निघून जातात, भोगतो तो गाव. बोलावण्याआधी त्यांच्याकडून शब्द घ्या.

आजार बरे करण्याच्या सभांबद्दल नर्स म्हणून मला वेगळं सांगायचं आहे. प्रार्थना करा, मीही करते. पण "औषध सोडा" असं कोणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. आणि "तुझ्यावर कोणीतरी केलंय" हे वाक्य मंडळीच्या तोंडून कधीही निघता कामा नये. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवायला एवढं वाक्य पुरतं. मग तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा यासाठीच आहे.

चर्चला जाणारा माणूस आपोआप शांतीप्रिय होतो, असा समज असेल तर रवांडाकडे बघा. 1994 मध्ये वंशसंहार झाला तेव्हा तिथली बहुसंख्य जनता ख्रिस्ती होती. न्तारामा, न्यामाता इथे जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच मारले गेले. काही धर्मगुरूंवर पुढे खटले चालले. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या त्या पापाबद्दल देवाची क्षमा मागितली. तिथल्या मंडळ्यांमध्ये गाणी होती, शाळा होत्या, दवाखाने होते. आपला आणि त्यांचा भेद मोडायचं काम मात्र कोणी हातात घेतलं नव्हतं.

कोणी जायचं

एकट्या पाळकाने जाऊ नये. दोघांनी जावं, आणि जमेल तिथे त्यातला एक पलीकडचा असावा. आयर्लंडच्या उत्तर भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात तीसेक वर्षं रक्त सांडत होतं. बेलफास्टमध्ये क्लोनार्ड हा कॅथलिक मठ आणि फिट्झरॉय हे प्रेस्बिटेरियन चर्च. 1981 पासून या दोन्हींतली माणसं एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचू लागली. क्लोनार्डचे फादर जेरी रेनल्ड्स एखाद्या प्रोटेस्टंट पाळकाला सोबत घेऊन ज्या घरी माणूस मारला गेला त्या घरी जात, घर कोणत्याही बाजूचं असो. 10 एप्रिल 1998 ला तिथे शांतता करार झाला. तो राजकारण्यांनी केला, हे खरं. पण दारात दोन्हीकडची माणसं जोडीने उभी असलेली लोकांनी त्याआधी वर्षानुवर्षं पाहिली होती.

आपल्याकडे ही जोडी शोधणं अवघड नाही. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील, रेशन दुकानदार. ज्यांना दोन्हीकडचा चहा पिता येतो अशी माणसं गावात असतातच. भांडण मोठं असेल तर बाहेरचा माणूस आणा, आणि तो ख्रिस्तीच हवा असा हट्ट धरू नका. 1964 मध्ये नागा बंडखोर आणि भारत सरकार यांच्यात शांती व्हावी म्हणून नागालँडच्या बाप्टिस्ट चर्चने पुढाकार घेतला तेव्हा शांतता मंडळात कोण होतं? सर्वोदयाचे जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा आणि मायकेल स्कॉट हे इंग्रज धर्मगुरू. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला शस्त्रसंधी लागू झाली. ती टिकवायला पुढे फार त्रास झाला, तरी गावांना श्वास घ्यायला वेळ मिळाला. चर्चने तिथे आपली माणसं पुढे केली नाहीत, दोन्हीकडे ज्यांचा शब्द चालेल अशी माणसं निवडली.

गावचे कारभारी, पुजारा, जुने पंच यांना वगळून काही ठरवू नका. आपला बराचसा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणे तंटे सोडवायचा अधिकार दिला आहे. मंडळीने त्याला समांतर पंचायत उभी केली तर नवा तंटा तयार होतो. 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती तुमच्या गावात अजून बसत असेल तर तिच्या अध्यक्षालाही आधी भेटा.

कधी आणि कुठे बसायचं

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. मागे राहिलेल्यांनी काही ठरवलं तर परत आलेला माणूस म्हणतो, "आमले कोनी इचारंच नही." त्याचं बरोबर असतं. म्हणून होळीनंतर ते पहिल्या पावसापर्यंतचा काळ धरा. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत पहाटे बाया रानात असतात, तेव्हा सकाळची बैठक नको. बाजाराचा दिवस नको, रविवार नको. संध्याकाळी लवकर, जेवणाआधी, आणि दारू चढायच्या आधी.

चर्चमध्ये बसू नका. देवस्थानापुढेही नको. शाळेचा ओटा, आंब्याखालची मोकळी जागा, ग्रामपंचायतीचा व्हरांडा. खुर्च्या ठेवायच्या असतील तर सगळ्यांना, नाहीतर सगळे खाली.

पहिल्या बैठकीत काहीही ठरवायचं नाही, हे आधीच जाहीर करा. त्या दिवशी फक्त ज्याला लागलं आहे त्याने बोलायचं. एका बाजूचा एक, मग दुसऱ्या बाजूचा एक. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. त्याचं झालं की समोरच्याने उत्तर द्यायचं नाही, आधी "तुझं म्हणणं मला असं समजलं" म्हणून ते परत सांगायचं, आणि बोलणाऱ्याने "हो, असंच" म्हटल्यावरच पुढे जायचं. यात फार वेळ जातो. जाऊ द्या. माझा अनुभव असा की पुष्कळ भांडणं इथेच निम्मी होतात, कारण इतक्या वर्षांत आपलं म्हणणं समोरच्याच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

बोलणं घरच्या भाषेत होऊ द्या. मावची, पावरी, भिलोरी, अहिराणी, जी असेल ती. पाळक पुस्तकी मराठीत बोलू लागले की म्हातारी माणसं मान हलवतात आणि गप्प होतात. दक्षिण आफ्रिकेत 1996 मध्ये डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांवर सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा साक्ष देणाऱ्याला आपल्या भाषेत बोलता यावं म्हणून दुभाषी बसवले होते. खेड्यातल्या आया आपल्या मुलाला कसं मारलं ते आपल्या भाषेत सांगत आणि देश रेडिओवर ऐकत असे. टुटू आर्चबिशप होते, एकदा साक्ष ऐकताना ते टेबलावर डोकं टेकून रडले. पुढे त्या आयोगावर टीका झाली, सत्य मिळालं पण न्याय आणि भरपाई मिळाली नाही असं अनेक घरं आजही म्हणतात. ती टीका मला खरी वाटते. म्हणून ऐकण्यावर थांबू नका. बांध कोरला असेल तर बांध परत करायला लागेल.

बैठकीत मोबाइल बाजूला. फोटो नको, व्हिडिओ नको. कोणत्याही संस्थेला अहवाल पाठवायचा म्हणून समेट करू नका. बाहेरचा पैसा येऊ लागला की "याला किती मिळाले" हा प्रश्न येतो आणि तो जात नाही.

स्मशानाचं भांडण

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त जखम इथे होते. एका गावात दोन भाऊ, धाकटा मंडळीत, थोरला गावाच्या रीतीत. आई धाकट्याकडे राहायची, तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण ती उपासनेला येऊन बसायची. भर पावसाळ्यात ती गेली. धाकट्याने पाळकांना बोलावलं, थोरल्याने पुजाऱ्याला. गाव म्हणालं, ज्याने वर्गणी बंद केली त्याला इथे जागा नाही. प्रेत घरात आणि बाहेर दोन जमाव. पोलीस आले, कसंतरी उरकलं, आणि त्यानंतर दोन्ही घरांची चूल एकमेकांना परकी झाली.

प्रेत दारात असताना समेट होत नाही, तेव्हा फक्त मारामारी टाळायची. मंडळीने त्या क्षणी मागे सरावं असं माझं स्पष्ट मत आहे. आपली प्रार्थना घरात बसूनही होते. खरं बोलणं नंतर, दुःखाचे दिवस संपल्यावर.

तिथे आम्ही जे केलं ते असं. वर्गणीचा विषय आधी सोडवला. गावाचा हिशोब मागितला, कोणता पैसा कशाला जातो. पूजेचा, बकऱ्याचा, कोंबड्याचा खर्च वेगळा. वाट दुरुस्ती, विहिरीचा गाळ, पाहुण्यांचं जेवण, स्मशानाचं कुंपण हा खर्च वेगळा. मंडळीतल्या घरांनी दुसऱ्या खात्यात दरवर्षी द्यायचं ठरवलं, आणि गावाने ठरवलेल्या रकमेपेक्षा थोडं जास्त. पूजेच्या खात्यात देणार नाही हेही तोंडावर सांगितलं. गावाला यातलं दुसरं वाक्य आवडलं नाही, पण पहिलं ऐकल्यावर ते सहन झालं. लोकांचा राग पूजेच्या पैशापेक्षा "हे आता गावाचे राहिले नाहीत" यावर होता.

मग स्मशान. जागा सगळ्या गावाची, तिथे कोणालाही अडवायचं नाही. रीत कोणती ते मरणाऱ्या माणसाने जिवंतपणी सांगितलेलं चालेल. सांगितलं नसेल तर ज्याच्या घरी तो शेवटी राहत होता त्या घराने ठरवायचं. दुसऱ्या रीतीच्या नातेवाइकांनी खांदा द्यायचा, माती द्यायची, आणि त्यांच्या रीतीचं जे करायचं ते दुसऱ्या दिवशी आपल्या घरी. आता महिला मंडळात आम्ही म्हाताऱ्या माणसांना सरळ विचारतो, "आबा, तुमच्या मनात काय आहे?" त्यांना वाईट वाटत नाही. मुलगा आणि पुतण्या दोघांना समोर बसवून विचारा.

गावाच्या रीतीतली घरं ऐकत नसतील आणि मंडळीतल्या घरांचं पाणी, दुकान, दळण बंद केलं असेल, तर तो सामाजिक बहिष्कार आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तो कागद खिशात असू द्या, पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. तोच नियम आपल्यालाही लागतो, हे विसरू नका. मंडळी सोडून परत गेलेल्या घराशी बोलायचं नाही, असं पंचांनी फर्मान काढलं तर तोही बहिष्कारच.

जेवण

समेट जेवणाशिवाय पुरा होत नाही, आणि इथेच तो पुन्हा मोडतो. जुनी रीत अशी की दंड घ्यायचा, त्यात दारू आणि बकरा. मंडळीतली माणसं दारू घेत नाहीत, देवापुढे कापलेलं मटण खात नाहीत. ताटावर बसून नाही म्हटलं की पुन्हा अपमान. म्हणून जेवणाचं बोलणं समेटाच्या अटींइतकंच नीट करा आणि आधी करा. आमच्याकडे भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि गूळ ठरतो. बकरा हवाच असेल तर पूजेशिवाय कापायचा, आणि ते कापताना दोन्हीकडचे दोघे उभे राहतात. तांदूळ एका बाजूचा, डाळ दुसऱ्या बाजूची. रांधणाऱ्या बाया दोन्हीकडच्या आणि चूल एक. दारू ज्याला प्यायची त्याने आपल्या घरी नंतर प्यावी, त्यावर आपण भाषण देऊ नये. वाढताना पाळकांनी पलीकडच्या म्हाताऱ्यांना वाढावं, कारभाऱ्याने मंडळीच्या म्हाताऱ्यांना. देवाचे आभार मानायचे असतील तर मनात माना, किंवा कारभाऱ्याने स्वतः म्हटलं तरच मोठ्याने.

कुठे समेट करायचा नाही

बाईवर अत्याचार, मुलावर लैंगिक अत्याचार, नवऱ्याची मारहाण, खून, डाकीण म्हणून छळ. इथे मंडळीने समेटाचा शब्द काढू नये. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याने माहिती देणं बंधनकारक आहे, लपवणाराही गुन्हेगार ठरतो. "क्षमा कर, येशूने केली" असं मार खाल्लेल्या बाईला सांगणारे पंच मी पाहिले आहेत. क्षमा ही तिची आहे, ती कधी आणि द्यायची का हे तिने ठरवायचं. तिला आधी दवाखान्यात न्या, 112 ला फोन लावा. तालुका विधी सेवा समितीकडे आदिवासी माणसाला आणि कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. साध्या मारामारीची फिर्याद झालेली असेल तर गावात समेट झाला म्हणून ती आपोआप मिटत नाही. वकिलाला विचारून कोर्टात किंवा लोकअदालतीत ती रीतसर मिटवा, नाहीतर दोन वर्षांनी समन्स येतं आणि सगळं पुन्हा उकरलं जातं.

अफवा

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडे बाजाराला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ती मंगळवेढ्याकडची गरीब, भिक्षुकी करणारी माणसं होती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजांनी त्याआधी आठवडाभर लोकांची डोकी भरली होती. आपल्या मंडळ्यांच्या ग्रुपवरही असले मेसेज येतात, हे मान्य करू या.

प्रत्येक पाड्यात दोन माणसं नेमा, एक मंडळीतला, एक पलीकडचा. दोघांचे नंबर सगळ्यांकडे हवेत. काही ऐकलं, काही आलं, की पुढे पाठवायच्या आधी यांना फोन. ते दोघे एकमेकांना फोन करतील, मग पोलीस पाटलाला. मंडळीच्या ग्रुपवर पलीकडच्या गावकऱ्याचं नाव किंवा फोटो घालून काहीही टाकायचं नाही, खरं असलं तरी. तरुण संघाच्या पोरांना हे काम द्या, त्यांना ते चांगलं जमतं.

कागद आणि त्यानंतर

ठरलं ते एका पानात लिहा. तारीख, हजर माणसं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत. कोणाची चूक होती हे लिहू नका. बायांच्याही सह्या किंवा अंगठे घ्या. तीन प्रती: एक कारभाऱ्याकडे, एक मंडळीत, एक ग्रामपंचायतीत. ग्रामसभेत मोठ्याने वाचून ठरावात घेता आलं तर उत्तम.

त्यानंतर वर्षभर काम असतं. पहिलं लग्न, पहिला मृत्यू, होळी, नाताळ आणि पहिली पेरणी, या पाच वेळी कागद तपासला जातो. प्रत्येक वेळी आठ दिवस आधी दोन्हीकडच्या जोडीने घरोघरी फिरून विचारायचं, काही अडतंय का. नाताळाला गावाला बोलवा, पण कार्यक्रमात प्रवचन लहान ठेवा. होळीला आपली माणसं लाकडाला, पाण्याला, पाहुण्यांच्या सरबराईला उभी राहू शकतात. पूजेत बसायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडा.

एखादं कलम मोडलं तर सगळा कागद फाडू नका, त्या एकाच कलमावर पुन्हा बसा. आणि पाळकांची बदली होते तेव्हा सगळ्यात जास्त धोका असतो. नव्या पाळकांना यातलं काहीच माहीत नसतं, आणि त्यांना काम वाढवून दाखवायचं असतं. ते आले की पहिल्याच आठवड्यात त्यांना कारभाऱ्याच्या घरी न्या, कागदाची प्रत हातात द्या, आणि कोणतं कलम कशावरून आलं ते कारभाऱ्याच्या तोंडूनच ऐकवा. तिकडे कारभारी बदलला तरी हेच करायचं.